एकवीस टक्के

एकमेकांत खोचून ठेवलेले बारा कप पंढरीनाथनं ओढून सुटे केले आणि पहिल्याच कपाच्या तळाशी त्याला रुपेरी काहीतरी दिसलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बसवलेले असतात तसले प्लास्टिकचे चिमुकले कप. बायकोनं, द्वारकानं, घरात जमवलेले, त्यानं धुऊन प्रयोगशाळेत आणलेले. परवा उत्कर्षाची पीएचडीची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार, ते प्रयोगशाळाही बघणार, म्हणून तो सकाळपासून कपाटं आवरत होता. जानेवारीची थंडी, खिडकीबाहेर विजेच्या तारांवर संक्रांतीचे फाटके पतंग, बोटं आखडलेली. त्यानं नखानं ते रुपेरी उचकटलं तशी कपाच्या तळाएवढी एक पातळ चकती अख्खी सुटून तळहातावर पडली. आधी त्याला काहीच वाटलं नाही. त्यानं सवयीनं मूठ मिटली, दुसरा कप उचलला. त्यातही चकती. तिसऱ्यात चकती आणि बाजूला वाळल्यासारखे दोन थेंब. मूठ उघडली तर पहिल्या चकतीची कड उबेनं ओली झाली होती, वितळून रेषांमध्ये उतरत होती. हाताच्या उबेनं वितळणारा धातू ह्या खोलीत एकच होता. गॅलियम. प्रत्येक कपावर त्याच्याच हातचे मार्करचे आकडे होते. ज्यावर एकवीस लिहिलं होतं त्यातली चकती त्यानं काट्यावर ठेवली. शून्य पॉइंट सत्तावीस ग्रॅम. त्या कपात त्यानं अडीच ग्रॅम गॅलियम मोजून ओतलं होतं आणि ते सगळंच्या सगळं लोखंडात गेलं असं पावणेदोन वर्षं मानलं होतं. त्यानं एकच नाही मोजली, बाराही मोजल्या. मग स्टुलावर बसला.

चौदा वर्षं तो जयपूरच्या ह्या जगतपुऱ्यातल्या कॉलेजात तंत्रज्ञ होता आणि त्याआधी चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात. शिकलेला दहावी, पण लोखंड हाताला ओळखीचं. उत्कर्षा पहिल्यांदा आली तेव्हा तिनं त्याला सगळं समजावलं होतं. तिच्या गाइडनी कधी समजावलं नसतं, त्यांना वाटायचं ह्याला काय करायचंय. लोखंड चुंबकाजवळ नेलं की लांबतं, म्हणाली. त्याला हसू आलं होतं. आयुष्य लोखंडात गेलं, ते कधी लांबलेलं पाहिलं नाही. मग तिनं त्याला यंत्रावर दाखवलं होतं. बोटाएवढी कांडी, तारेच्या वेटोळ्यात घातलेली, वीज सोडली की केसाच्या जाडीपेक्षाही कमी लांबायची, वीज बंद केली की परत पहिल्यासारखी. नुसतं लोखंड फार हट्टी, ते नावापुरतं लांबतं. त्यात गॅलियम घालत गेलं की त्याचा ताठा कमी होतो. कांडी दोऱ्यानं टांगून टिचकी मारली तर कळतं; जितकं गॅलियम जास्त तितका नाद खाली उतरतो, ढिला होतो. आणि जितकी ती आतून ढिली तितकी चुंबकाला जास्त वश. पण हे चालतं शंभर अणूंत साधारण एकोणीस गॅलियमचे होईपर्यंत. त्यापुढे गेलं की आतले अणू रांगा धरायला लागतात, परेडला उभे राहिल्यासारखे, आणि लांबणं धाडकन कमी होतं. जगात सगळ्यांचा अनुभव हाच, एकोणीस. उत्कर्षानं त्यात कार्बनची चिमूट घातली होती. तिचं म्हणणं, कार्बन त्या अणूंना रांगा धरू देत नाही, म्हणून आपली कांडी एकोणीसला न थांबता एकवीसपर्यंत चढते. आणि कांड्या खरोखरच एकवीसला चढल्या होत्या. ज्या दिवशी आलेख निघाला त्या दिवशी तिनं सबंध विभागाला घेवर वाटला होता. तिचा लेख छापून आला, जर्मनीतल्या एका संस्थेचं बोलावणं आलं, आणि खातीपुऱ्याला राहणारे तिचे वडील, मूळचे मराठी, रेल्वेतले गार्ड, मुद्दाम रजा काढून पंढरीनाथला भेटायला आले होते. 'आमच्या पोरीच्या कांड्या तुम्हीच ओतल्यात म्हणे.' तो एकवीसचा आकडा आता काट्यावर पडला होता. अडीचातून पाव ग्रॅम वजा केलं तर एकवीसचे एकोणीसच राहतात, हे काढायला पीएचडी लागत नाही. कार्बननं काही केलंच नव्हतं. जे साऱ्या जगाला मिळालं तेच तिला मिळालं होतं, फक्त कांडीवरचा आकडा खोटा होता.

हे कसं झालं, ते त्याला एका क्षणात आठवलं आणि पुढचे दोन दिवस आठवतच राहिलं. गॅलियम फ्रीजमध्ये असायचं. थंडीत ते काचेसारखं कडक. तो छिन्नीनं खडे पाडायचा आणि चिमट्यानं उचलून थेट काट्यावर, काट्यावरून थेट भट्टीत. कपाची गरजच नव्हती. पण ह्या बारा कांड्या ओतल्या त्या मे महिन्यात. जयपूरचा मे. तीन दिवस दुपारची वीज जात होती, खोलीत बेचाळीस अंश, फ्रीज गरम, आणि बाटलीतलं गॅलियम पाण्यासारखं डुचमळत होतं. दुसऱ्या कुठल्या गावी त्यानं खडेच मोजले असते. इथं त्यानं ओतलं. चकचकीत, देखणं, ओतताना त्याला मौजच वाटली होती. कप उपडा केला, झटकला, तळाशी थोडं चमकत राहिलं ते प्लास्टिकचंच चमकणं समजला. ती झाली चूक. पण चूक पकडायला एक जागा होती. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना: वितळल्यानंतरचं वजन. भट्टीतून निघालेली गोळी काट्यावर ठेवली असती तर दहा ग्रॅमऐवजी पावणेदहा दिसलं असतं. पहिल्याच गोळीला. त्यानं ती ठेवली नव्हती. भट्टी सकाळच्या विजेवर चालायची, काटा वातानुकूलित खोलीत, गोळी निघेपर्यंत दुपार होऊन ती खोली बंद, आणि संध्याकाळी ती उघडेपर्यंत कांड्या ओतून झालेल्या असायच्या. रकाना रिकामा राहिला. आणि पंढरीनाथनं तो चौथ्या दिवशी एका बैठकीत भरून टाकला. नऊ पॉइंट नव्याण्णव. नऊ पॉइंट अठ्ठ्याण्णव. नऊ पॉइंट नव्याण्णव. त्या दिवशी द्वारकाचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं असं म्हणता आलं असतं. ते ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. मेमध्ये द्वारका ठणठणीत होती, लोणचं घालत होती.

फौजेत रिकामा रकाना हा गुन्हा. इन्स्पेक्शनला साहेब येतो, पान उलटतो, त्याचं बोट रिकाम्या चौकोनावर थांबतं आणि मग वर्कशॉपचा कमांडर, सुभेदार, हवालदार सगळ्यांची पाठ मऊ होते. चुकीच्या आकड्यावर मात्र बोट कधी थांबलेलं त्यानं पाहिलं नाही. पंढरीनाथ कोवळा असताना, मिसरूड फुटलेलं, जबलपूरला, त्यानं एकदा उस्तादला विचारलं होतं की ह्या ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचे बोल्ट किती आवळलेत हे मी पाहिलंच नाही, काय लिहू? उस्ताद म्हणाला, 'वही लिख जो किताब में है.' किताबात होतं ते लिहिलं. ट्रक लडाखला गेला, परत आला, काही झालं नाही. पुढची बावीस वर्षं कधीच काही झालं नाही, हीच तर त्याची खोड झाली. एखादा ट्रक जरी दरीत गेला असता तर तो सुधारला असता, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्या विचाराची त्याला शिसारी आली. माणसं मरायला हवी होती का, तुला काट्यावर गोळी ठेवायला शिकवण्यासाठी? त्या संध्याकाळी जगतपुऱ्याहून झोटवाड्यापर्यंतच्या बसमध्ये तो खिशात बारा चकत्यांची पुडी घेऊन बसला होता. उष्णतेनं त्या वितळू नयेत म्हणून पुडी स्वेटरच्या बाहेरच्या खिशात, थंड वाऱ्याच्या बाजूला. का जपतोय आपण? फेकून दिलं तर? नाल्यावरून बस जात होती. खिडकी उघडी होती. एक हात बाहेर काढला की संपलं. कपाट स्वच्छ, कप स्वच्छ, परवा परीक्षा, उन्हाळ्यात पोरगी जर्मनीला. हे कुणाला कळणार? त्यानं हात खिशात घातला, पुडी चाचपली, तसाच ठेवला. मागच्या सीटवरच्या बाईंनी सांगितलं, 'भाईसाब, खिड़की बंद करो, ठंड आ रही है,' आणि त्यानं मुकाट्यानं बंद केली.

'काय वं, जेवणावर ध्यान न्हाई,' द्वारका म्हणाली. खटाव सोडून तिला पस्तीस वर्षं झाली, पण बोलणं तिथलंच. त्यानं सांगितलं. सगळं नाही, वजनात चूक झालीय एवढंच. ती भाकरी थापता थापता थांबली. 'मग सांगा की तिला. तिचं हाय ते.' 'तिची चार वर्षं हायेत त्यात.' 'म्हून तर तिला सांगायचं. तुमी कशाला एकटं घेऊन बसलाय?' तिला हे किती सोपं वाटतंय, ह्याचा त्याला राग आला आणि तिचं बरोबर आहे ह्याचा जास्त. त्यांना मूल नव्हतं. हे तो कुणाजवळ बोलत नसे, द्वारकाजवळही नाही. पण उत्कर्षा पहिल्या वर्षी तापानं फणफणली असताना द्वारका खातीपुऱ्याला जाऊन दोन दिवस राहिली होती, आणि ती पोरगी 'काका, मला ना, मतलब, पेज मिळेल का' असं तिच्या मोडक्या मराठीत बोलायची तेव्हा पंढरीनाथला बरं वाटायचं, इतकं बरं की भीती वाटायची. त्याला तिचं नुकसान करायचं नव्हतं. सरळ सांगायचं तर त्याला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला अशी एकच नजर उरलेली असते, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं की हे आपण स्वतःला गोंजारतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला यंत्राच्या खोलीत गाठलं. ती स्लाइड्स चाळत होती. त्यानं पुडी उघडून टेबलावर ठेवली, कप ठेवले, आणि उभ्याउभ्याच, सावधानमध्ये उभं राहिल्यासारखं, सांगून टाकलं. कप, मे महिना, रकाना. 'पोरी, चूक माझी हाय. आकडं मी भरलं, न मोजता.' तो तिच्या रडण्याची वाट बघत होता, ओरडण्याची. ती चकत्यांकडे बघत राहिली. मग उठून दाराला कडी घातली. 'मला माहीत आहे, काका,' ती म्हणाली. 'सितंबरपासून.' त्याला कळेना. तिनं सांगितलं ते असं: सप्टेंबरमध्ये तिनं कांड्यांचे तुकडे बाहेरगावच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले होते, कशात किती काय आहे त्यासाठी. अहवाल आला. एकवीसच्या कांडीत एकोणीस. सतराच्या कांडीत साडेपंधरा. लेख तोवर छापून आला होता. 'मी रिपोर्ट ठेवून दिला. मतलब, सरांनी विचारलं नाही, तर मीपण नाही सांगितलं.' 'मला तरी विचारायचंस.' 'विचारून काय होणार होतं? तुमचं कॉन्ट्रॅक्ट जूनला रिन्यू होतं ना काका? नाव तुमचंच आलं असतं. सगळ्यात आधी तुमचंच.' हे ती त्याला वाचवत होती की धमकावत होती, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतर कितीही उलटसुलट केलं तरी कळलं नाही. बहुधा तिलाही ठाऊक नसावं.

'कुणाचं काय नुकसान आहे ह्याच्यात?' ती पुढे म्हणाली, भराभरा, हिंदीत जात, परत येत. 'कोई पुल थोड़े ही गिरने वाला है. दोन टक्क्यांचा फरक. लोक पुढे काम करतील, त्यांना कळेल, ते लिहितील, खतम.' 'कुणी करतंय का?' त्यानं सहज विचारलं. ती खाली बघून म्हणाली की कोरियातल्या एका मुलीचं पत्र आलं होतं. तीही पीएचडीच करते. एक वर्ष ती एकवीसच्या मागे आहे, तिला मिळत नाहीये, काय चुकतंय असं विचारत होती. 'मग तू काय लिवलंस?' खिडकीबाहेर कुणी पोरं पतंग काढायला तारेवर काठी मारत होती, त्या काठीचा आवाज येत होता. 'लिहिलं की तुझा कार्बन तपासून बघ,' ती म्हणाली. एवढं बोलून मात्र तिचा चेहरा असा झाला की पंढरीनाथला तिच्याकडे बघवेना. चार वर्षांत त्यानं तिला पुष्कळदा थकलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं. ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. ओशाळलेलं माणूस म्हातारं दिसतं. 'काका, तुम्ही बोलणार नाही ना?' तिनं विचारलं. त्याच्या तोंडून 'न्हाई' गेलं. चकत्या तिनं स्वतःच पुडीत बांधून त्याच्या हातात दिल्या. रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, तो त्या कधी न पाहिलेल्या पोरीचा विचार करत राहिला. तिकडे एखादा तिचाही काका असेल, कुणी कांड्या ओतणारा, जो रोज नीट मोजत असेल आणि तरी ज्याच्याकडे ती रोज संशयानं बघत असेल. आपल्यामुळे कुणी खऱ्या वजनावर संशय घेतंय, ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली.

परीक्षा गुरुवारी झाली, वरच्या मजल्यावर, आणि पंढरीनाथला वर बोलावणं असण्याचं कारण नव्हतं. टाळ्यांचा आवाज मात्र खाली आला. मग जिन्यावर पावलं, आणि गाइड, बाहेरचे परीक्षक, मागून उत्कर्षा, हिरव्या काठाची साडी नेसलेली, असे तिघे प्रयोगशाळेत शिरले. परीक्षक सत्तरीकडे झुकलेले, स्वेटरवर कोट, बोलणं हळू. त्यांनी भट्टी पाहिली, वेटोळं पाहिलं, एक कांडी दोऱ्यानं टांगून टिचकी मारली, कान जवळ नेला आणि लहान मुलासारखे हसले. 'पंढरीनाथजी आप ही हैं? थीसिस में आपका नाम पढ़ा. लिखा है, इनके हाथ का वज़न कभी गलत नहीं होता.' त्याला हे ठाऊक नव्हतं. थिसिस इंग्रजीत, त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्यानं उत्कर्षाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. हे तिनं कधी लिहिलं असेल? सप्टेंबरच्या आधी, की नंतर? परीक्षकांनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं, पानं उलटली आणि त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं. ते बोट वरून खाली गेलं, परत वर आलं. 'हर बार नौ पॉइंट निन्यानवे, अट्ठानवे. चालीस साल में मैंने ऐसा सुंदर रजिस्टर नहीं देखा.' हे कौतुक होतं की दुसरं काही, त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हतं. गाइड कौतुकानं म्हणाले, 'फौजी हैं, सर. हमारे यहां इनका डिसिप्लिन मशहूर है.' आता फक्त 'जी सर' म्हणायचं होतं. आयुष्यभर त्यानं ते म्हटलं होतं, झोपेतही म्हटलं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा ऐकू आला. 'सर, वो कॉलम मैंने तौले बिना भरा है.'

गाइड हसले, मग हसायचे थांबले. पंढरीनाथ बोलत राहिला, एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. मे महिना सांगितला, वीज सांगितली, कपात राहिलेलं पाव ग्रॅम सांगितलं. एकवीस म्हणजे एकोणीस, हेही सांगितलं. खिशात हात घालून पुडी टेबलावर ठेवली. उत्कर्षाकडे त्यानं बघितलं नाही. काल तिला दिलेला शब्द आपण तिच्या देखत मोडतोय आणि तिची चार वर्षं आपल्या जिभेनं पुसतोय हे त्याला पुरतं कळत होतं, आणि म्हणूनच पुढचं वाक्य त्यानं कालपासून कुठंतरी तयार ठेवलं असावं, कारण ते अगदी सफाईनं आलं. 'मैडम को कुछ पता नहीं था, सर. सब मेरी गलती है. इनको आज ही पता चल रहा है.' हे खोटं होतं. पण हे खोटं तिच्या अंगावर पांघरूण घालायला होतं, रकाना भरायला नव्हतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. फसलेली विद्यार्थिनी, तंत्रज्ञाच्या हातून घोळ झाला, तिनं काय करावं? नव्या कांड्या ओतेल, वर्ष जाईल, नाव राहील. त्याचं काय, जूनपर्यंतचा प्रश्न. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते तिच्याकडे वळले आणि फार सौम्य आवाजात म्हणाले, 'तो बेटा, आपको वाकई पता नहीं था?'

तिनं पंढरीनाथकडे पाहिलं, आणि त्यानं डोळ्यांनी तिला खूण केली, नाही म्हण, नुसतं नाही म्हण, पोरी. ती साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायचं थांबली. 'पता था, सर,' ती म्हणाली. 'सितंबर से. रिपोर्ट मेरे पास है.' गाइडनी खुर्चीची पाठ धरली. पंढरीनाथला तिचा असा संताप आला की त्याच्या कानशिलांत आग झाली; एवढं काढून दिलं होतं तिला त्यातून, आणि ह्या पोरीनं सगळं मातीत घातलं. ओरडावंसं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत, चारचौघांत, आणि ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आहे, परीक्षकांकडे तोंड करून.